पाण्याची बाटली आणि सार्वजनिक नळ
(पक्षाच्या अभ्यासवर्गात केलेले भाषण)

कॉम्रेड्स,

काल एका ज्येष्ठ कॉम्रेडने आक्षेप घेतला की, प्लास्टिकच्या बाटल्यांचा प्रश्न हा शहरी मध्यमवर्गाचा छंद आहे. हा आक्षेप मी हसण्यावारी नेत नाही. ज्या वस्तीत टँकरची वाट पाहत रात्र काढावी लागते, तेथे बाटलीविरुद्ध व्याख्यान देणे ही थट्टाच होय. परंतु ही बाटली त्या वस्तीच्या दारात आली कशी, याचा विचार आपण नाही तर कोणी करावयाचा?

१९६५ साली मुंबईत बिसलेरीचे पाणी आले, ते काचेच्या बाटलीत आणि मूठभर धनिकांसाठी. आज फलाटावरील मजुराच्याही हातात बाटली दिसते. त्याची आवड उंचावली म्हणून नव्हे, तर नळावरचा त्याचा विश्वास उडाला म्हणून. सार्वजनिक व्यवस्था जेथे खचते, तेथे बाजार उभा राहतो. खुद्द रेल्वेनेही २००३ पासून ‘रेल नीर’ विकावयास घेतले.

आता कायद्याकडे पाहा. १ जुलै २०२२ पासून केंद्र सरकारने एकदाच वापरावयाच्या काही प्लास्टिक वस्तूंवर बंदी घातली. प्लास्टिकचे चमचे गेले, शीतपेयाच्या नळ्या गेल्या, फुग्यांच्या काड्यासुद्धा गेल्या. पाण्याची बाटली मात्र त्या यादीत नाही! बाटली गोळा होते व तिच्यावर पुनर्प्रक्रिया होते, असे समर्थन केले जाते. त्यात तथ्य आहे. पण ती गोळा कोण करतो? पहाटे पोते खांद्यावर टाकून निघणारी कचरावेचक स्त्री. कंपन्यांवर जे बंधन आहे, त्याला नियमांच्या भाषेत ‘उत्पादकाची विस्तारित जबाबदारी’ म्हणतात. हा शब्दप्रयोग भाषांतरित करताना माझी लेखणी दर वेळी अडखळते, कारण जबाबदारी विस्तारते ती या स्त्रीच्या पाठीवर.

तिच्या मिळकतीचे गणितही समजून घ्या. बाटलीचे प्लास्टिक खनिज तेलापासून बनते. तेल स्वस्त झाले की नवे प्लास्टिक स्वस्त होते आणि भंगाराचा भाव पडतो. पोत्याचे वजन तेवढेच, मजुरी कमी. पुण्यात १९९३ साली कागद, काच, पत्रा कष्टकरी पंचायत उभी राहिली, ती या श्रमाला कामगाराचा दर्जा मिळावा म्हणूनच. शिवाय पुनर्प्रक्रिया झालेल्या बाटलीची बहुधा बाटली होत नाही, धागा होतो. नव्या बाटलीसाठी पुन्हा तेल लागते.

आणि बाटलीतील पाणी तरी निर्मळ आहे काय? २०२४ साली कोलंबिया विद्यापीठाच्या संशोधकांनी अमेरिकेतील तीन कंपन्यांचे बाटलीबंद पाणी तपासले. लिटरमागे सरासरी सुमारे २,४०,००० प्लास्टिककण आढळले, बहुतेक अतिसूक्ष्म.

सिक्कीममधील लाचेन या गावाने २०१२ साली पाण्याच्या बाटल्यांना गावबंदी केली. निर्णय गावाच्या पारंपरिक सभेचा होता. २०२२ च्या जानेवारीपासून राज्य सरकारनेही तोच मार्ग धरला. अर्थात, डोंगरात झरे आहेत. लातूर वा चेन्नईला हा दाखला जसाच्या तसा लागू पडणार नाही. तेथे आधी नळ, मग बंदी. हा क्रम उलटला तर दंड फक्त फेरीवाल्याला होईल.

म्हणून आपल्या मागण्या स्पष्ट असाव्यात: प्रत्येक स्थानक, बाजार व कारखान्याच्या दारात तपासलेल्या पाण्याचा मोफत नळ; बाटलीवर परत मिळणारी अनामत; आणि कचरावेचकांना कंपन्यांच्या खर्चाने निश्चित मेहनताना.

थोडी आत्मटीकाही करू. आपल्याच सभांच्या व्यासपीठावर नेत्यांपुढे बाटल्या ओळीने मांडलेल्या असतात. पुढील जिल्हा अधिवेशनात माठ व पेले ठेवावेत, असा माझा प्रस्ताव आहे. पेले कोण धुणार, असे काल कोणीतरी विचारले. व्यासपीठावर बसणाऱ्यांनी पाळीपाळीने धुवावेत. ते काम स्त्री-कॉम्रेड्सवर ढकलू नये. यावर आता चर्चा व्हावी.