रुक्मिणीमायचं पत्र

पोरं आम्हाले विचारतात, महाराज, ह्या कथा खऱ्या काय? आम्ही म्हणतो, बाप्पा, कौंडण्यपूर आपल्याच तिवसा तालुक्यात, वर्धेच्या काठी. रुक्मिणीमाय आपल्या वऱ्हाडाची लेक. भावानं तिचं लग्न शिशुपालाशी ठरवलं, तिले विचारलंच नाही. तिनं कृष्णाले पत्र धाडलं. अमरावतीच्या अंबादेवीच्या देवळातून देवानं तिले नेलं, असं आपले म्हातारे सांगत आले. कीर्तनात हा प्रसंग आला का बाया डोळ्याले पदर लावतात. त्याइले घरात जे बोलता आलं नाही, ते रुक्मिणीनं लिहिलं. कथेत माणसाले आपलं दुःख दिसते अन् वाटही दिसते. म्हणून तो ऐकत बसते. आषाढीले कौंडण्यपूरची पालखी पंढरीले जाते. तिले हात जोडणाऱ्यानं सोयरीक जुळवण्याआधी लेकीले विचारावं. मग कथा खरी झाली समजा.