घरातला पाइप फुटला तर

इंदूर शहरात 1978 पासून जे नर्मदेचे पाणी येते, ते मंडलेश्वराजवळच्या जलूद येथे उचलले जाते. सुमारे 70 किलोमीटरांची वाट चालून आणि पंपांच्या बळावर विंध्याचा चढ चढून ते आपल्या दारी पोहोचते. इतक्या सायासाने आलेले हे पाणी, घरातला पाइप फुटला की घटकाभरात गटाराला मिळते. आणि जाता जाता अंथरुणे, धान्य, मुलांची पुस्तके भिजवून जाते. अशा वेळी काय करावे, एवढाच आजचा विषय.

पाइप फुटला की घरातील सारी माणसे बादल्या आणि फडकी घेऊन धावतात. हे मनुष्यस्वभावाला धरून असले, तरी त्यात क्रम उलटा होतो. मिनिटाला 15 लिटर पाणी वाहत असेल, तर तासाभरात ते 900 लिटर होते. फडक्याने ते कोण आणि किती टिपणार? आधी पाणी थांबवावे, मग पुसावे.

मात्र त्याहीआधी विजेकडे पाहावे. पाणी बटणांच्या फळीवर किंवा तारांवर उडत असेल, तर कशालाही हात लावू नये. मुख्य बटण कोरड्या जागी असेल आणि हातपाय कोरडे ठेवून तेथवर जाता येत असेल, तरच ते बंद करावे. नाही तर सर्वांना घेऊन बाहेर पडावे आणि वीज कचेरीस कळवावे.

आता पाणी थांबवायचे कोठे? आपल्या पुष्कळ घरांत पाणी दोन वाटांनी येते, हे ऐन वेळी ध्यानात राहत नाही. एक वाट रस्त्यावरच्या नळाची, दुसरी गच्चीवरच्या टाकीची. मीटरजवळचा व्हॉल्व्ह, ज्याला आपण चावी म्हणतो, तो घट्ट बंद केला तरी स्वयंपाकघरात कारंजे उडतच राहते. कारण ते पाणी टाकीचे असते. म्हणून टाकीतून उतरणाऱ्या पाइपाची चावीही बंद करावी, आणि मोटर चालू असल्यास ती थांबवावी. गोल चाकाची चावी घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने फिरविली म्हणजे बंद होते. दांड्याची असेल, तर दांडा पाइपाला आडवा झाला की पाणी थांबले असे समजावे. त्यानंतर सर्वांत खालचा नळ उघडावा, म्हणजे पाइपात उरलेले पाणी बादलीत उतरते. ते वाया जात नाही.

कारागीर येईपर्यंत सायकलच्या जुन्या ट्यूबची लांब पट्टी कापून ती ताणून गुंडाळावी. प्रत्येक वेढा आधीच्या वेढ्यावर अर्धा चढावा, आणि भेगेच्या दोन्ही बाजूंना चार बोटे पट्टी जावी. वरून तार आवळावी. हा इलाज तात्पुरता आहे, याचा विसर पडू देऊ नये. दुरुस्तीनंतर आरंभीचे गढूळ पाणी वाहू द्यावे आणि पिण्याचे पाणी काही दिवस उकळून घ्यावे.

पाइप एकाएकी फुटला असे आपण म्हणतो. पण बहुधा त्याची तयारी आधीपासून चाललेली असते. लोखंडी पाइपावरचा जस्ताचा लेप झिजला की गंज त्याला पोखरू लागतो. साधा प्लॅस्टिकचा पाइप वर्षानुवर्षे उन्हात राहिला की ठिसूळ होतो. सांध्याजवळचा तांबूस डाग, भिंतीवर चढणारी ओल, या त्याच्या पूर्वसूचनाच होत.

परंतु खरी अडचण पाइपाची नसून माहितीची आहे. चावी कोठे आहे, हे बहुधा घरातील एकाच माणसाला ठाऊक असते. आणि ते माणूस कामावर गेले असतानाही पाइप फुटू शकतो. घरी असतात आजी आणि शाळेतून आलेली मुले. त्यांनी काय करावे? म्हणून येत्या रविवारी घरातील लहानथोर सर्वांना दोन्ही चाव्या दाखवा. प्रत्येकाच्या हातून त्या एकदा फिरवून घ्या. वर्षानुवर्षे न फिरविलेली चावी ऐन वेळी जागची हलत नाही. शेजारी भिंतीवर रंगाने ‘रस्ता’ आणि ‘टाकी’ अशी अक्षरे लिहून ठेवा. या कामाला पाव तासाहून अधिक वेळ लागणार नाही.