खारपाणपट्ट्यात मातीविना शेती

पूर्णेच्या खोऱ्यातला खारपाणपट्टा अकोला, अमरावती आणि बुलढाणा जिल्ह्यांत पसरला आहे. माती चिकण, विहिरीचं पाणी खारट. मग मातीच नको, पाण्यातच पिकवू, हा हायड्रोपोनिक्सचा विचार इथे मोह पाडणारच. पण खरी अडचण पाण्याची आहे. या पद्धतीत अन्नद्रव्यं पाण्यात विरघळवून तेच पाणी मुळांशी पुन्हा पुन्हा फिरवतात. रोप पाणी पितं, सोडियम बराचसा मागे राहतो, खारटपणा चढत जातो. म्हणून इथे बोअरचं नव्हे, छतावरून साठवलेलं पावसाचं पाणी हवं.

ते पुरेल का? पालक-कोथिंबिरीच्या एका खोलीला पुरू शकेल, कारण ते जमिनीत झिरपून वाया जात नाही. पऱ्हाटी-तुरीला पुरणार नाही, तसा दावाही कुणी करू नये. विजेच्या खर्चाचा आक्षेप मात्र रास्त आहे. मे महिन्यात अकोल्याचा पारा ४५ अंशांवर जातो, तेव्हा द्रावण थंड ठेवावंच लागतं. याच पद्धतीने उगवलेल्या मक्याच्या चाऱ्याचं गणितही नीट पाहावं. १ किलो दाण्यांतून आठवडाभरात ५-६ किलो हिरवा चारा निघतो खरा, पण वाढलेलं वजन पाण्याचं. शुष्क अंश वाढत नाही. तेव्हा संच विकत घेण्याआधी आपल्या पाण्याची क्षारता प्रयोगशाळेतून तपासून घ्या.