आधी बाण काढा



जग शाश्वत की अशाश्वत? जीव आणि शरीर एक की वेगळे? मृत्यूनंतर तथागत असतो की नसतो? असे 10 प्रश्न भिक्खू मालुंक्यपुत्ताने भगवान बुद्धांपुढे ठेवले. उत्तर न मिळाल्यास संघ सोडण्याची त्याची तयारी होती. मज्झिम निकायाच्या 63व्या सुत्तात ही हकिकत आहे.

भगवंतांनी दृष्टान्त दिला. विषारी बाण लागलेला मनुष्य, मारणाऱ्याचा वर्ण, नाव, गाव कळल्याशिवाय बाण काढू देणार नाही म्हणाला, तर ते कळण्याआधीच मरेल. दुःख, त्याचे कारण, निरोध आणि मार्ग मात्र त्यांनी स्पष्ट सांगितले.

आम्ही या स्थितीत का, या प्रश्नाला आपल्या वाडवडिलांना पिढ्यान्‌पिढ्या एकच उत्तर मिळाले: गतजन्मीचे कर्म! ते तपासता येत नव्हते, म्हणूनच ते टिकले. 1957 साली प्रसिद्ध झालेल्या ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथात बाबासाहेबांनी ते नाकारले.

विद्यार्थी मित्रांनो, घरातले माणूस अकाली गेले की ‘का?’ हा प्रश्न छळणारच. उत्तर ठाऊक नसेल तर तसे म्हणा. परंतु कुणी दिलेले सोयीचे उत्तर पत्करू नका. शेजारी रडणाऱ्याजवळ जाऊन बसा. तो बाण आपल्या हाती आहे.

जयभीम!