प्लँचेटची वाटी कोण सरकवितो?
(देवपूर येथील भाषणाचा सारांश)

पुठ्ठ्यावर मुळाक्षरे, एका कोपऱ्यात ‘होय’, दुसऱ्यात ‘नाही’, मध्ये उलटी वाटी आणि तिच्यावर तिघांची बोटे: पांझरेकाठच्या विद्यार्थ्यांना हे प्लँचेट सांगावे लागत नाही. ही आपली प्राचीन विद्या, असे कोणी म्हणू लागल्यास त्याला तारखा दाखवाव्यात. मृतात्म्यांशी संवादाची ही लाट १८४८ साली अमेरिकेतील फॉक्स भगिनींपासून उसळली. पुढे तेथील यादवी युद्धाने घरोघरी शोक पोहोचविला, आणि शोकातही गिऱ्हाईक पाहणारे भांडवल सरसावले. १० फेब्रुवारी १८९१ रोजी बाल्टिमोरच्या इलायजा बाँड यांच्या नावे ‘ओइजा’ फलकाचे पेटंट निघाले, तेही खेळणे म्हणून! आज संग्राहक हे जुने फलक जपतात. जपावेतच, त्यांवर परलोकाचा नव्हे, कारखानदाराचा शिक्का असतो.

१८५३ साली मायकेल फॅरडे यांनी ‘फिरणाऱ्या’ मेजावर पुठ्ठ्यांचे सैलसर चिकटविलेले थर ठेवले. आधी वरचा थर सरकला, म्हणजे जोर हातांचाच होता. लबाडी कोणी करीत नव्हते, हीच यातली गोम.

२० ऑगस्ट २०१३ रोजी डॉ. नरेंद्र दाभोलकरांचा पुण्यात खून झाला. त्या तपासातच प्लँचेट वापरल्याचा आरोप २०१४ मध्ये झाला. पोलीस अधिकाऱ्याने तो नाकारला. तरी असे घडू शकते, हे अनेकांना सहज पटले! १० मे २०२४ रोजी पुण्याच्या न्यायालयाने दोघांना जन्मठेप दिली, ती साक्षीपुराव्यावर. तिघे सुटले.