रेघ कोठून निघते?
(हीरक महोत्सवी माजी विद्यार्थी मेळाव्यातील भाषण)



पहिलीच्या वर्गात आमच्या बाई फळ्यावर 'ध' आणि 'घ' शेजारी शेजारी लिहून विचारीत, "शिरोरेघ कोठे तुटली?" त्या प्रश्नाचे मोल मला पुढे जपानी भाषेने पटवून दिले. अनुवादक म्हणून बारीक टाइपातील जपानी कागद वाचणे हा माझा नित्याचा व्यवसाय. त्यात सारख्या दिसणाऱ्या अक्षरांनी मला जेवढे छळले, तेवढे व्याकरणाने कधी छळले नाही.

जपानीत हिरागाना, काताकाना आणि चिनी चित्राक्षरे, म्हणजे कांजी, एकत्र नांदतात. काताकानातील 'शि' आणि 'त्सु' ही अक्षरे पाहा. दोहोंत दोन आखूड रेघा आणि एक लांब रेघ. 'शि'च्या आखूड रेघा डाव्या कडेला एकीखाली एक असतात व लांब रेघ खालून वर चढते. 'त्सु'च्या आखूड रेघा माथ्यावर शेजारी शेजारी असतात व लांब रेघ वरून खाली उतरते. एकच आखूड रेघ असलेली 'न्' आणि 'सो' ही जोडी तशीच. 'न्' हा 'शि'च्या वळणाचा, 'सो' हा 'त्सु'च्या. शिवाय जपानी शब्द सहसा 'न्'ने सुरू होत नाही, हाही एक आधार.

'बा' आणि 'पा' यांतील भेद तर याहून सूक्ष्म. मूळ अक्षर एकच. त्याच्या खांद्यावर दोन बारीक रेघा असतील तर 'बा', इवलेसे वर्तुळ असेल तर 'पा'. छपाई पुसट असली की 'बारी' आणि 'पारी' एकरूप होतात. पहिले बाली बेट, दुसरे पॅरिस शहर! तेथे अक्षराकडे टक लावून उपयोग नसतो, मागचापुढचा मजकूर पाहावा लागतो.

नवव्या शतकाच्या सुमारास बौद्ध भिक्षू चिनी ग्रंथांच्या ओळींलगत वाचनाच्या खुणा लिहीत. जागा थोडी, म्हणून त्यांनी चित्राक्षरांचे तुकडेच वापरले. त्यांतून काताकाना घडली. म्हणजे ही लिपी जन्मापासूनच बारीक जागेत राहणारी. जपानी वर्णक्रम आ, इ, उ, ए, ओ आणि मग का, सा, ता असा चालतो. त्यामागे संस्कृत वर्णविचाराचा संस्कार आहे, हे कळले तेव्हा मला बाराखडीच भेटल्यासारखे वाटले.

माझी फजिती मात्र कांजीने केली. 'अजून नाही' आणि 'अखेर' या अर्थांच्या दोन चित्राक्षरांत एक उभी रेघ, दोन आडव्या आणि दोन तिरप्या. वरची आडवी रेघ आखूड तर 'अजून नाही', लांब तर 'अखेर'. देयकांच्या एका तक्त्यात मार्चपुढे बारीक अक्षरात 'अजून नाही' होते. मी 'मार्चअखेर' असे भाषांतर केले. थकलेली रक्कम माझ्या लेखणीने ठरलेल्या मुदतीची करून टाकली! वरिष्ठांनी वेळीच पाहिले म्हणून निभावले. ते रागावले नाहीत. त्यांनी एवढेच सांगितले, "डोळ्यांनी वाचू नका, बोटाने गिरवून पाहा." जपानी माणसे अक्षर आठवताना तळहातावर किंवा हवेत बोट फिरवतात, ते मला तेव्हा उमगले. रेघ कोठून निघते, कोठे थांबते, हे हाताला ठाऊक असले की डोळा फसत नाही.

त्या दिवशी मी कागदाच्या कोपऱ्यात ती दोन अक्षरे पन्नास वेळा गिरवली. चाळिशीतला मनुष्य, पुन्हा पहिलीत!

पालकहो, आपली मुले आज पडद्यावर बोट टेकवतात आणि अक्षर तयार होऊन येते. ती सोय मीही वापरतो. पण निदान सुरुवातीची काही वर्षे त्यांना गिरवू द्या. जुने 'ख' सुटे लिहिले जाई, तेव्हा 'खाना' आणि 'रवाना' यांत घोटाळा होई. आपल्या लिपीलाही असे कोपरे आहेत. बाईंनी ते आम्हांला हात धरून दाखवले. परक्या लिपीचे कोपरे मी त्याच हाताने शोधतो आहे.