गोबरवाहीचा थांबा

तुमसर मागे टाकून मोटार कटंगीच्या रस्त्यास लागली, की दोहो बाजूंस धानाच्या बांध्या, मधूनमधून बोड्या आणि मोहाची झाडे एवढेच प्रवाशाच्या दृष्टीस पडते. भंडारा हा तलावांचा व तांदळाचा जिल्हा, ही शाळेत मनावर ठसलेली ओळख येथवर अगदी खरी वाटते. गोबरवाहीस मोटार चहापुरती थांबते. येथून जवळच चिखला आणि डोंगरी बुजुर्ग या मँगनीजच्या खाणी आहेत, याची जाणीव किती प्रवाशांस असते कोण जाणे!

डोंगरीची खाण उघडी, पायरीपायरीने खोल उतरत गेलेली. नावात डोंगर आणि प्रत्यक्षात खळगा. चिखल्याची भुयारी, तेथे खनिज काढून झालेल्या पोकळीत वाळू भरीत कामकरी पुढे सरकतात. फर्मर या भूगर्भशास्त्रज्ञाने १९०९ साली भारतातील मँगनीजवर मोठा ग्रंथ लिहिला आणि या पट्ट्यातील एका खडकास गोंडांवरून ‘गोंडाइट’ असे नाव दिले. ज्यांच्या रानात परक्यांनी कुदळ घातली, त्यांचे नाव निदान दगडास तरी लाभले!

पोलादातील प्राणवायू व गंधक यांचा दोष घालविण्यास मँगनीज लागते, म्हणून इंग्रजी भांडवल १८९६ पासूनच मध्यप्रांतात याच्या शोधात उतरले आणि येथील धातुपाषाण परदेशच्या भट्ट्यांकडे जाऊ लागला. १९६२ साली त्या जुन्या कंपनीच्या जागी नवी कंपनी स्थापन झाली. तीत केंद्र, मध्य प्रदेश व महाराष्ट्र सरकारांचा मिळून हिस्सा ५१ टक्के आणि जुन्या कंपनीचा ४९ टक्के होता. १९७७ साली हा उरलेला वाटाही सरकारी झाला. डोंगरीचे वैशिष्ट्य मात्र पोलादापुरते नाही. तेथील मँगनीज डायॉक्साइड कोरड्या विद्युत्घटांस उपयोगी पडते. विजेरीतील जुना घट फोडून मुले हात काळे करून घेतात, ती काळी पूड याच जातीची.

पण ही पूड हातावरून धुऊन जाते, तशी श्वासातून शरीरात गेलेली जात नाही. ग्लासगोच्या कूपर या वैद्याने १८३७ साली मँगनीज दळणाऱ्या मजुरांचे वर्णन केले आहे: पायांतील बळ गेलेले, तोल सावरेना, बोलणे पुटपुटल्यासारखे. पुढे हा मज्जासंस्थेचा स्वतंत्र विकार म्हणून ओळखला गेला. चेहरा मुखवट्यासारखा निश्चल होतो, अक्षर लिहिता लिहिता बारीक होत जाते, आणि माणूस टाचा उचलून कोंबड्यासारखा चालू लागतो. अजाण लोक हसतात. बहुधा दारूचा संशयही घेतात. क्षयाच्या खोकल्यासारखी ठळक सूचना हा रोग सहसा आधी देत नाही.

बचावाचे उपाय काही फारसे गूढ नाहीत. छिद्र पाडताना पाणी सोडावे, वाहतुकीचे रस्ते ओले ठेवावे, नाकातोंडावर पट्टी असावी आणि कामकऱ्याची चाल व हस्ताक्षर ठराविक काळाने तपासावे. अक्षर ज्यास येत नाही त्यास निदान गोल काढावयास सांगावे. खाणीतील काम सुटल्यावरही लक्षणे वाढत जाऊ शकतात. यास्तव निवृत्त होऊन पुन्हा धानाच्या बांधीत उतरलेल्या म्हाताऱ्याचे नावही तपासणीच्या यादीत राहिले पाहिजे.